एकास दोन : फुप्फुसाच्या कर्करोगावरील जोड-उपचारांचा इतिहास

१

आपल्या भाषेत दोन म्हणी एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. 'एकीचे बळ, मिळते फळ' ही पहिली आणि 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही दुसरी. पहिलीवर विश्वास ठेवावा तर जितकी माणसे अधिक, जितके उपाय अधिक, तितके यश निश्चित. दुसरी लगेच बजावते की, नुसत्या संख्येने कार्य तडीस जात नाही. ज्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे सरकारी कचेऱ्यांत आणि बदल्यांत गेली, त्या आमच्या वाचकांना या दोन्ही म्हणींची प्रचीती वेगळी सांगावयास नको. एकाच कामावर दोन अधिकारी नेमले म्हणजे ते काम कधी निम्म्या वेळात उरकते, आणि कधी दोघांच्या आपसांतील पत्रव्यवहारातच वर्ष निघून जाते. केव्हा पहिली म्हण खरी ठरणार आणि केव्हा दुसरी, हे आधी ओळखावे कसे, हा खरा प्रश्न होय.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्यापुढे फार गंभीर रूपाने येऊन उभा राहिला. आमचे एक जुने स्नेही, केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त होऊन उत्तरेतील एका शहरी स्थायिक झालेले, जन्मात कधी विडी-सिगारेट न ओढलेले. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. रोग पसरलेला होता. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. फुप्फुसातून काढलेला तुकडा तपासल्यावर डॉक्टरांनी सांगितले की, रोगपेशींत एक विशिष्ट जनुकदोष आहे आणि त्यावर नेमकी लागू पडणारी गोळी मिळते. ती एकटी घेता येईल, किंवा तिच्या जोडीला शिरेतून द्यावयाची औषधेही घेता येतील. दोन्ही मार्ग मान्यताप्राप्त आहेत. विचार करून कळवा. आम्ही भेटीस गेलो तेव्हा वहिनींनी चहा पुढे ठेवीत विचारले, "भाऊजी, एका गोळीनं गुण येतो म्हणतात. मग दोन औषधं एकदम दिली तर दुप्पट गुण यायला नको का? आणि तसं असेल तर डॉक्टर आम्हांला विचारतात कशाला, देऊन का टाकत नाहीत?"

आम्हांला त्या वेळी धड उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले, समजून घेतले, त्यावरून एक गोष्ट ध्यानात आली. वहिनींचा प्रश्न हाच गेल्या पाऊणशे वर्षांच्या औषधशास्त्राचा एक मोठा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना हजारो रुग्णांनी आपली शरीरे चाचणीस दिली आहेत. त्या शोधाची कहाणी येथे सांगावी, असे मनात आहे.

२

या कहाणीचा आरंभ कर्करोगापासून होत नाही. तो क्षयापासून होतो. अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची जी चाचणी घेतली तिचा वृत्तान्त १९४८ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या रुग्णास औषध द्यावयाचे आणि कोणास केवळ विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोपविता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने ठरविले होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले. विश्रांतीच्या गटातील ५२ पैकी १४ दगावले. यश स्पष्ट होते. परंतु ते टिकले नाही. पुष्कळ रुग्णांच्या थुंकीत आता असे जंतू आढळू लागले की, ज्यांवर स्ट्रेप्टोमायसिनचा काडीमात्र परिणाम होत नव्हता. औषधाने दुबळे जंतू मारले होते आणि निगरगट्ट तेवढे मागे ठेवले होते.

यावर उपाय सापडला तो जोडीचा. स्ट्रेप्टोमायसिनबरोबर पास हे दुसरे औषध दिले तर प्रतिकार करणारे जंतू फार कमी निपजतात, हे १९५० साली सिद्ध झाले. त्यामागील हिशेब साधा आहे. समजा, दहा लाख जंतूंत एखादाच पहिल्या औषधाला दाद न देणारा असतो, आणि दुसऱ्या औषधाच्या बाबतीतही तसेच. मग दोन्हींना एकाच वेळी दाद न देणारा जंतू दहा लाख गुणिले दहा लाख इतक्यांत एखादा. एवढे जंतू सहसा एका शरीरात नसतात. मात्र या हिशेबात एक अट दडलेली आहे. दोन्ही औषधांचे मार्ग स्वतंत्र असले पाहिजेत, आणि दोन्ही औषधे मुळात त्या जंतूवर चालणारी असली पाहिजेत. ही अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील साऱ्या कहाणीची किल्ली तीच आहे.

१९५६ साली मद्रासेत जे क्षयरोग रसायनोपचार केंद्र निघाले त्याने हीच गोष्ट आपल्या देशात कसास लावली. आयसोनियाझिड आणि पास ही जोडी घरी राहून वर्षभर घेणारे गरीब रुग्ण, आणि आरोग्यधामात खाटेवर राहून तीच औषधे घेणारे रुग्ण, यांची तुलना तेथे झाली. १९५९ साली निष्कर्ष निघाला की, घरच्या उपचाराचे फळ आरोग्यधामाच्या तोडीचे असते. पुढे जगभर क्षयोपचाराचे धोरण बदलण्यास हा एक अभ्यास मोठाच कारण झाला.

३

कर्करोगात जोडीची कल्पना शिरली ती मुलांच्या रक्तकर्करोगाच्या वाटेने. बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी १९४८ साली अमिनोप्टेरिन या औषधाने काही मुलांचा रोग तात्पुरता मागे हटल्याचे जाहीर केले. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिचे प्रमुख आंध्रातून अमेरिकेस गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे आपण भारतीयांनी विसरू नये. परंतु 'तात्पुरता' हा शब्द येथेही आडवा आला. काही महिन्यांत रोग परते. १९६० नंतरच्या काही वर्षांत बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्राय आणि फ्रायराइक यांनी चार औषधे एकदम देण्याचे धाडस केले. मुलांना विष पाजीत असल्याचा आरोप त्यांच्यावर सहकाऱ्यांनीच केला. पण क्षयाचा हिशेब येथेही लागू पडला, आणि आज सुसज्ज रुग्णालयांत या रोगाची बहुसंख्य मुले बरी होतात.

फुप्फुसाच्या कर्करोगापुढे मात्र हा मार्ग थांबला. १९६५ साली रोझेनबर्ग हे विजेच्या क्षेत्राचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत असता, प्लॅटिनमच्या विद्युत्‌-अग्रांतून झिरपलेल्या संयुगाने जंतूंची वाढ खुंटल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध निघाले. सिस्प्लॅटिन अथवा त्याचे भावंड कार्बोप्लॅटिन, आणि जोडीला दुसरे एखादे पेशीमारक औषध, हा पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगावरील ठरीव उपचार होऊन बसला. जोडी कोणती उत्तम, यावर वाद माजले. अखेर अमेरिकेत १,२०७ रुग्णांवर चार निरनिराळ्या जोड्यांची तुलना झाली. जानेवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निकाल असा होता की, चारही जोड्या सारख्याच. गाठ लक्षणीय आकसली ती शंभरातील १९ जणांची, आणि निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत निवर्तले. तिसरे औषध जोडून पाहिले. गाठ जरा अधिक आकसे, पण आयुष्य वाढेना, त्रास मात्र वाढे. पहिल्या म्हणीची हद्द येथे संपली होती.

४

याच सुमारास नव्या जातीची औषधे आली. जुनी औषधे वाढणाऱ्या सर्वच पेशींवर घाव घालीत. म्हणून केस गळत, तोंड येई, रक्तपेशी घटत. नव्या औषधांना आपण लक्ष्यवेधी म्हणू. १९६२ साली स्टॅन्ली कोहेन यांनी पेशींच्या वाढीस चालना देणारे एक प्रथिन शोधले. त्याबद्दल त्यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या ग्राहकाला येऊन चिकटते त्याचे नाव ईजीएफआर. ग्राहकाने संदेश घेतला की, तो पेशीच्या गर्भापर्यंत पोचतो आणि पेशी विभागू लागते. हा संदेश दारातच अडवावा, म्हणून गेफिटिनिब ही गोळी तयार झाली. जुलै २००२ मध्ये जपानने तिला परवानगी दिली.

आता वहिनींनी विचारले तेच जगातील मोठमोठ्या तज्ज्ञांनीही विचारले. जुनी जोडी थोडी चालते, नवी गोळीही थोडी चालते. मग दोन्ही एकत्र का न द्याव्यात? दोन प्रचंड चाचण्या झाल्या. एकीत १,०९३ आणि दुसरीत १,०३७ रुग्ण होते. सर्वांना जुनी जोडी मिळाली. काहींना तिच्यासह गेफिटिनिब, तर काहींना तशीच दिसणारी निरौषधी गोळी. २००४ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही चाचण्यांत गोळीने आयुष्यात काहीही भर पडली नव्हती. एर्लोटिनिब या त्याच जातीच्या औषधाच्याही अशाच दोन चाचण्या झाल्या. त्यांचाही निकाल तोच. चार चाचण्या, चार हजारांहून अधिक रुग्ण, आणि हाती शून्य. 'भाराभर चिंध्या' ही म्हण इतक्या महागड्या रीतीने क्वचितच सिद्ध झाली असेल.

तथापि या अपयशात एक कोडे होते. गेफिटिनिब घेणाऱ्यांत थोडे रुग्ण असे निघत की, आज श्वासासाठी तडफडणारा माणूस चार-सहा आठवड्यांत हिंडू-फिरू लागे. असे रुग्ण बहुधा धूम्रपान न करणारे असत. त्यांत स्त्रिया अधिक, पूर्व आशियातील लोक अधिक. सरासरी सांगत होती की औषध निरुपयोगी आहे, आणि डोळे सांगत होते की काही जणांना ते संजीवनी आहे. दोघेही खरे कसे असू शकतात?

५

कोडे सुटले ते त्याच वर्षी, २००४ च्या वसंत ऋतूत, आणि बॉस्टन शहरातील दोन गटांनी ते एकाच वेळी सोडविले. ज्यांना गुण आला त्यांच्या गाठी तपासल्या तेव्हा दिसले की, त्यांच्या ईजीएफआर ग्राहकाच्या जनुकात विशिष्ट उत्परिवर्तने झालेली आहेत. एका गटाच्या तपासणीत गुण आलेल्या ९ पैकी ८ जणांत हा दोष होता. गुण न आलेल्या ७ जणांत तो एकातही नव्हता. ज्या पेशीत हा दोष असतो तिचे सारे जगणे त्या एका संदेशावर अवलंबून असते. संदेश तोडला की ती मरते. इतरांच्या बाबतीत ती गोळी म्हणजे बंद नसलेल्या दाराला कुलूप शोधण्यासारखे होते.

पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांच्या चाचणीने २००९ साली यावर शिक्कामोर्तब केले. जनुकदोष असलेल्यांत रसायनोपचाराच्या तुलनेने गेफिटिनिबमुळे रोग वाढण्याचा धोका निम्म्याहूनही कमी झाला. जनुकदोष नसलेल्यांत मात्र तोच धोका जवळजवळ तिप्पट झाला. तेच औषध, तोच रोग, पण एकाला तारक आणि दुसऱ्याला मारक. या दोघांना एका रांगेत उभे करून सरासरी काढली तर ती दोघांचीही फसवणूक करते.

म्हणजे आधीच्या चाचण्यांत चूक मिश्रणाची होती असे म्हणण्यापूर्वी विचारावयास हवे होते की, मिश्रण कोणाला दिले? क्षयाच्या हिशेबातील अट आठवावी. दोन्ही औषधे मुळात त्या रोगावर चालणारी हवीत. फुप्फुसाचा कर्करोग हे एका रोगाचे नाव नसून अनेक रोगांचे आडनाव आहे, हे तोवर कोणाला पुरते उमगलेच नव्हते.

६

निवड साधली, तरी 'तात्पुरता' हा शब्द पाठ सोडीना. गेफिटिनिबने मागे हटलेला रोग बहुधा वर्षभरात परत येई. २००५ साली कळले की, सुमारे निम्म्या रुग्णांत त्याच ग्राहकात दुसरे एक उत्परिवर्तन होते आणि गोळीचा तेथे परिणामच उरत नाही. २००७ साली दुसरी युक्ती उघड झाली. पुढचे दार बंद झाल्यावर पेशी मेट नावाच्या शेजारच्या ग्राहकातून संदेश आत घेते. मग पुढचे आणि बाजूचे, अशी दोन्ही दारे एकदम बंद करावीत, हे ओघानेच आले. दोन लक्ष्यवेधी औषधांच्या जोडीचा विचार येथून जोर धरू लागला.

या विचाराचे पहिले मोठे फळ कडू निघाले. एर्लोटिनिबच्या जोडीस मेट ग्राहक अडविणारे एक प्रतिपिंड देण्याची ४९९ रुग्णांची चाचणी २०१४ साली मधेच थांबवावी लागली. फक्त एर्लोटिनिब मिळालेले रुग्ण मध्यमानाने ९.१ महिने जगले होते; जोडी मिळालेले ६.८ महिने. येथे निवड केली नव्हती असे नाही. परंतु ती केली होती पेशीवर मेट प्रथिन किती रंग धरते एवढ्यावरून. प्रथिन दिसणे वेगळे आणि पेशीचे प्राण त्यावर अवलंबून असणे वेगळे. घरात माणूस दिसला म्हणजे तोच घरचा कर्ता, असे समजण्यासारखा हा प्रकार झाला.

याच्या उलट उदाहरण लवकरच मिळाले. फुप्फुस-कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी एक-दोघांत बीराफ जनुकात एक ठराविक दोष असतो. डॅब्राफेनिब हे औषध त्या प्रथिनाला थोपविते, पण संदेश त्याच साखळीतील पुढच्या कडीतून पुन्हा वाट काढतो. ट्रॅमेटिनिब ती पुढची कडी धरते. डॅब्राफेनिब एकटे दिले तेव्हा सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या गाठी आकसल्या होत्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही औषधे मिळालेल्या ५७ रुग्णांपैकी ३६ जणांच्या आकसल्या. २०१७ साली अमेरिकेने या जोडीस मान्यता दिली. रुग्ण इतके थोडे की, दोन गट पाडून रीतसर तुलना करणे येथे शक्य झाले नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे.

आणखी एक तिसरा प्रकारही पुढे आला. जपानमध्ये एर्लोटिनिबच्या जोडीस गाठीला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हासिझुमॅब दिले. २०१९ साली दिसले की, रोग थोपून धरण्याचा काळ १३.३ महिन्यांवरून १६.९ महिन्यांवर गेला. पण पुढे आयुष्याचा हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. क्ष-किरणाच्या चित्रातील विजय आणि पंचांगातील विजय एकच नव्हे, हा धडा यातून मिळाला.

७

आता आपण मुंबईस येऊ. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटांच्या विश्वस्त निधीतून उघडले. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आले आणि १९६२ साली अणुशक्ती विभागाकडे. देशाच्या कानाकोपऱ्यातून येणारे रुग्ण, त्यांचे नातेवाईक, बोचकी, धर्मशाळा, आणि पदपथावर काढलेल्या रात्री. मुंबईच्या वाचकांना हे चित्र नवे नाही. दूरच्या प्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनीही कोणा सहकाऱ्यासाठी परळला पत्र लिहिले असेल अथवा दूरध्वनी केला असेल.

या रुग्णालयातील वनिता नरोन्हा, कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ ते २०१८ या काळात ३५० रुग्णांवर एक चाचणी घेतली. सर्वांना ईजीएफआरचा तो जनुकदोष होता. भारतात फुप्फुसाच्या ग्रंथिज कर्करोगाच्या साधारण पाव हिस्सा रुग्णांत तो आढळतो. १७६ जणांना फक्त गेफिटिनिब मिळाले. १७४ जणांना गेफिटिनिबसह पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन. ज्या मिश्रणाला २००४ साली जगाने निकालात काढले होते, जवळजवळ तेच हे मिश्रण. बदलले होते ते एवढेच की, या खेपेस ते कोणाला द्यावयाचे हे माहीत होते.

निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. एकट्या गोळीने रोग मध्यमानाने ८ महिने थोपला. जोडीने १६ महिने. एकट्या गोळीच्या गटातील मध्यम आयुष्य १७ महिने भरले. जोडीच्या गटात त्या वेळेपर्यंत निम्मे रुग्णही दगावले नव्हते, म्हणून आकडाच काढता आला नाही. या चाचणीत केवळ धडधाकट रुग्ण निवडले नव्हते. शंभरांत २१ जण असे होते की, स्वतःचे सारे करू शकत असूनही कामधंदा करण्याचे त्राण त्यांच्यात नव्हते. १८ जणांच्या मेंदूपर्यंत रोग पोचलेला होता. परळच्या बाह्यरुग्ण विभागात जो माणूस खरोखर येतो, त्याच्याच ही चाचणी जवळची होती. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी ३४५ रुग्णांवरील अशाच जोडीचा निकाल प्रसिद्ध केला, आणि दिशा तीच निघाली.

दोन औषधे एकदम देण्याऐवजी एक राखून ठेवावे, पहिले थकले की दुसरे काढावे, असा युक्तिवाद पूर्वीपासून केला जात असे. कागदावर तो निर्दोष आहे. पण रोग उलटल्यावर पुष्कळ रुग्ण इतके खंगतात की, राखून ठेवलेल्या औषधापर्यंत ते पोचतच नाहीत. पुढच्या आर्थिक वर्षासाठी राखलेली तरतूद वर्ष उलटण्यापूर्वीच रद्द व्हावी, तसे हे होते.

या चाचणीचे आणखी एक मोल आहे. त्या काळी श्रीमंत देशांत ओसिमर्टिनिब ही नवी गोळी प्रचारात येत होती. २०१८ साली ती जुन्या गोळ्यांहून सरस ठरली: रोग थोपण्याचा काळ १०.२ महिन्यांवरून १८.९ महिन्यांवर गेला. परंतु तिची किंमत आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची होती. गेफिटिनिब मात्र भारतीय कारखाने स्वस्तात बनवीत होते. पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिनही. म्हणजे परळच्या डॉक्टरांनी जोडी जमविली ती आपल्या बाजारात मिळणाऱ्या, आपल्या माणसाला परवडणाऱ्या वस्तूंची. गरिबीतून काढलेली ही वाट पुढे श्रीमंतांनीही चोखाळली.

८

ती अशी. ओसिमर्टिनिब एकटे बरे, की त्याच्या जोडीस पेमेट्रेक्सेड आणि प्लॅटिनमचे औषध बरे, याची तुलना अनेक देशांतील ५५७ रुग्णांवर झाली. २०२३ साली कळले की, रोग थोपण्याचा काळ १६.७ महिन्यांऐवजी २५.५ महिने झाला. २०२५ साली आयुष्याचाही हिशेब आला: ३७.६ महिन्यांऐवजी ४७.५ महिने. दुसरीकडे, ईजीएफआर आणि मेट या दोन्ही ग्राहकांना एकाच वेळी धरणारे अमिव्हान्टामॅब हे प्रतिपिंड आणि लॅझर्टिनिब ही गोळी, अशा संपूर्ण लक्ष्यवेधी जोडीची चाचणी १,०७४ रुग्णांवर झाली. ओसिमर्टिनिबच्या १६.६ महिन्यांसमोर या जोडीने २३.७ महिने मिळविले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने तिला मान्यता दिली, आणि २०२५ साली तिने आयुष्यही वाढविल्याचे सिद्ध झाले. २००७ साली उमगलेले बाजूचे दार १७ वर्षांनंतर नीट बंद करता आले.

परंतु येथे नाण्याची दुसरी बाजू न सांगणे म्हणजे वाचकांशी प्रतारणा होईल. मुंबईच्या चाचणीत तीव्र स्वरूपाचा त्रास एकट्या गोळीने शंभरांत २५ जणांना झाला. जोडीने ५१ जणांना. अमिव्हान्टामॅबच्या जोडीने तो ७५ जणांना झाला, ओसिमर्टिनिबने ४३ जणांना. अंगावर पुरळ, नखांच्या कडांना सूज, शिरांत रक्ताच्या गुठळ्या, आणि रुग्णालयाचे खेटे. एक जोडी तर याहूनही वाईट निघाली. ओसिमर्टिनिबबरोबर शरीराची प्रतिकारशक्ती चेतविणारे दुर्वालुमॅब दिले तेव्हा फुप्फुसालाच दाह होऊ लागला, आणि ती जोडी सोडून द्यावी लागली. दोन सज्जन एका घरात सुखाने नांदतीलच असे नाही. औषधांचेही तसेच आहे.

९

या साऱ्या इतिहासातून आमच्या मनाशी जे ठरले ते थोडक्यात असे. जोडीने बळ येते, पण ते बेरजेने येत नाही. ज्याच्यावर उपचार करावयाचा तो नेमका कोण, हे आधी कळले पाहिजे. दोन्ही औषधांचे मार्ग एकमेकांना पूरक पाहिजेत. आणि मिळणाऱ्या महिन्यांची किंमत रुग्णाला शरीराने व घराला पैशाने पेलली पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी प्रयोगशाळा आणि चाचण्या सांगू शकतात. तिसरी गोष्ट कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी वहिनींना 'देऊन टाकतो' असे न म्हणता 'कळवा' असे का म्हटले, त्याचे कारण हे. ती जबाबदारी टाळणे नव्हते. जो निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा, तो त्याच्याकडे सोपविणे होते.

आम्ही हे सारे पुन्हा एकदा भेटीस जाऊन सांगितले. आमच्या स्नेह्यांनी आयुष्यभराच्या सवयीप्रमाणे कोरा कागद मागवून घेतला, मधोमध रेघ मारली, डावीकडे मिळकत आणि उजवीकडे खर्च अशी टिपणी केली. उजव्या बाजूस त्यांनी दर तीन आठवड्यांचा प्रवास, थकवा, उलट्या, आणि अगदी शेवटी 'हिला होणारी दगदग' असे लिहिले. वहिनींनी तो कागद वाचला आणि शेवटची ओळ पेन्सिलीने खोडून टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जोडीचा उपचार घेत असल्याचे डॉक्टरांना कळविले.

पहिले दोन फेरे जड गेले. सध्या प्रकृती बरी आहे. दर तीन आठवड्यांनी सकाळच्या गाडीने दोघे रुग्णालयात जातात आणि संध्याकाळी परततात. रोग किती काळ थोपेल, ते आम्हांस ठाऊक नाही आणि त्यांनाही नाही. पण ज्या आकड्यांच्या आधारावर त्यांनी तो कागद भरला, त्या प्रत्येक आकड्याच्या मागे परळच्या, ओसाकाच्या, बॉस्टनच्या कोणा अनामिक रुग्णाने चिठ्ठीत जे निघेल ते पत्करले होते, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला निरौषधी गोळी किंवा फसलेली जोडी आली होती. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले आहे. आम्ही ते केवळ पोचविले.